अक्काच्या पाठीमागची खिडकी

अक्का गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आधी तिचं तोंड आलंच नाही, तिची पाठ आली. रुंद, पिठानं पांढरी झालेली, पदर कमरेला घट्ट खोचलेला. माणूस आठवावं ते पाठीवरून, हे काही बरं नाही, पण मी तरी काय करू? एकदा त्या पाठीनं माझ्यापुढची खिडकी झाकली होती. तिथून पुढं जे झालं ते आमच्या नगरपंचायतीच्या कुठल्या कागदावर नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहून ठेवावं.

तिला सगळं गाव गिरणीवाली अक्काच म्हणायचं. भीमनगर आणि पाटील गल्ली यांच्या मधे जी मोकळी जागा आहे, तिच्या एका अंगाला अक्काची पत्र्याची गिरणी आणि दुसऱ्या अंगाला पाण्याची सिमेंटची टाकी. नळाला पाणी नसलं, आणि आमच्याकडं ते नसतंच, की टँकर त्या टाकीत पाणी सोडायचा. भीमनगरच्या बाया इकडून यायच्या, आम्ही तिकडून. अक्काचं घर भीमनगरातलं. सासरा आणि सासू दोघंही पहिल्या दीक्षेची माणसं, तसबिरीखाली रोज मेणबत्ती. आमचं घर पाटील गल्लीच्या पार टोकाला, शेतकऱ्याचं. आमच्या ओसरीवरून गिरणीचा पट्टा फिरताना दिसतो.

गिरणीवर अक्काचा कायदा होता. दळणाचे डबे दाराबाहेर रांगेत लावायचे आणि खुशाल घरी जायचं. "डबा बसला की माणूस बसलं," असं ती म्हणायची. मग डब्याच्या मालकाला कामं करून यायची मोकळीक, पण डब्याच्या पुढं दुसरा डबा घालायची कुणाला मुभा नाही. आमच्याकडं डब्यावरून घर ओळखतात. कुणाच्या डब्याला कान नसतो, कुणाच्या झाकणाला साडीचा काठ बांधलेला, आमच्या डब्याला म्हशीनं लाथ मारून पाडलेला खड्डा. रांगेवरून नुसती नजर टाकली की आज कुणाकडं पाहुणे आलेत आणि कुणाकडचं पीठ संपलंय ते कळायचं.

एकदा एका मोठ्या शेतकऱ्याच्या गड्यानं आल्या आल्या त्याचा डबा रांगेच्या तोंडाशी ठेवला. अक्कानं तो डबा उचलला आणि शेवटाला नेऊन ठेवला. थोड्या वेळानं मालक स्वतः मोटारसायकलवर आले, म्हणाले, मला वळखलं न्हाई का? अक्का म्हणाली, "डबा वळखला की. शेवटचा हाय तुमचा." ते तिथंच बाभळीखाली उभे राहिले आणि नंबर आल्यावर डबा घेऊन गेले. त्याची चर्चा आमच्याकडं उन्हाळाभर चालली होती.

गिरणीच्या आवाजात जन्म गेल्यामुळं तिला हळू बोलताच यायचं नाही. कानात कुजबुज केली तरी ती बाजारपेठेत ऐकू जायची. आणि कुणाला नावानं हाक मारायची नाही, धान्यावरून मारायची. बाजरीवाले, पिवळीवाल्या, गहूवाले गुरुजी. आमच्याकडं शाळू जास्त, म्हणून मी शाळूवैनी. आमच्या नगरपंचायतीच्या अध्यक्षांच्या घरी पीठ तयार पाकिटातून यायचं. त्यांना ती पाकीटवाले म्हणायची, त्यांच्या तोंडावरसुद्धा, आणि आवाजात चेष्टेचा लवलेश नसायचा, त्यामुळं त्यांना रागावता यायचं नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे. आमच्या गल्लीतल्या जुन्या बाया स्वतः थांबून, नंबर आला की आधी एक मूठ धान्य दळून घ्यायच्या आणि ते पीठ बाजूला टाकायच्या. दगडात आधीच्याचं पीठ राहतं, ज्वारीत गहू मिसळतो, असं त्या तोंडानं म्हणायच्या. पण आधीचा डबा आमच्याच गल्लीतला असला तर ती मूठ पडायची नाही. भीमनगरचा असला तरच पडायची. हे अक्काला काय समजत नव्हतं? ती ते टाकलेलं पीठ एका पाटीत जमवायची. बाजाराच्या दिवशी त्या सगळ्या पिठाच्या मोठ्या भाकरी थापायची, वर हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि रांगेतल्या प्रत्येकापुढं धरायची. "घ्या की, सगळ्या गावाची भाकर हाय." कोण घ्यायचं, कोण उपास सांगायचं. माझी सासू आठवड्यातले सगळे वार उपास धरायची, बिचारी. मी घेतली. भाकर चांगली फुगलेली होती. चवीला काही वेगळी नव्हती, म्हणजे होती, पण ती ठेच्याची.

हे झालं गिरणीचं. आता नगरपंचायतीचं.

सोनपेठच्या रस्त्याला, गोदावरीच्या अंगाला असलेलं आमचं गाव पूर्वी ग्रामपंचायतीत होतं. त्याची नगरपंचायत झाली, वॉर्ड पडले, निम्म्या जागा बायांना आल्या. भीमनगरातून अक्का उभी राहिली, ती स्वतःच्या मनानं. आमच्या वॉर्डातून मी उभी राहिले, ती माझ्या दिराच्या मनानं. आमचे मालक शेताशिवाय कशात पडत नाहीत. राजकारण सगळं भाऊजींचं. मला फॉर्मवर सही करायला सांगितली, मी केली. निवडून आल्यावर हार माझ्या गळ्यात आणि गुलाल भाऊजींच्या अंगावर.

पहिल्या बैठकीला गेलो तर पुढच्या खुर्च्यांवर सगळ्या नगरसेविकांचे नवरे, दीर, पोरं बसलेले, आणि मागं भिंतीला लागून आम्हा बायांना सतरंजी. अक्का डोक्यावर गिरणीतलं बाभळीचं स्टूल घेऊन आली. दोन खुर्च्यांच्या मधे तिनं ते दाबून बसवलं आणि बसली. अध्यक्ष म्हणाले, अक्का, तुमच्या कारभाऱ्याला धाडायचं की, तुमी कामून तरास घेतला? अक्का म्हणाली, "ते गिरणीवर हायेत. दळण असलं तर जाऊन भेटा त्यांला." मुख्याधिकारी साहेब नवीन होते, तरुण. ते हसले, आणि हसल्यावर त्यांना नियम आठवला. निवडून न आलेल्या पुरुषांना बाहेर जावं लागलं. तेव्हापासून आम्ही खुर्च्यांवर बसायला लागलो. अक्का मात्र शेवटपर्यंत स्टुलावरच बसली. प्लॅस्टिकची खुर्ची माणसासंगं वाकती, असं तिचं म्हणणं.

पण पुरुष बाहेर गेले म्हणजे कुठं गेले? खिडकीत गेले. सभागृहाला एकच मोठी खिडकी, गज असलेली. तिथं ते उभे राहायचे आणि आत आम्ही त्यांच्याकडं बघून हात वर करायचो. प्रत्येकाची खूण वेगळी. कोणी खाकरायचं, कोणी गजावर बोट वाजवायचं. आमच्या भाऊजींची खूण टोपीची. टोपी काढली की मी हात वर करायचा, टोपी डोक्यावर असली की गप बसायचं. माझ्या मागं बसणाऱ्या दोघींच्या घरचे उन्हात ताटकळायला कंटाळायचे, म्हणून त्या माझ्याकडं बघून हात वर करायच्या. असं भाऊजींच्या एका टोपीवर तीन हात चालायचे. आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, खरं सांगते. दिवे लावणं, नाल्या काढणं असले ठराव. कुणाच्या पोटावर येणारं त्यात काही नव्हतं.

मग टाकीचा ठराव आला.

गिरणीसमोरची टाकी पाडायची, त्या जागेवर गाळे बांधायचे, आणि नवी टाकी बांधायची ती बसस्टँडच्या पलीकडं, अध्यक्षांच्या घरापुढं. गाळ्यांतला एक गाळा आमच्या भाऊजींना मिळणार होता. ते घरात कुणी बोललं नव्हतं, पण जाऊबाईंनी गाळ्यात कापडाचं दुकान घालायचं की चपलांचं, यावर दोनदा मला विचारलं होतं. भीमनगरच्या बायांना मात्र घागरी घेऊन अख्खं गाव ओलांडावं लागणार होतं, आणि अध्यक्षांच्या दारात उभं राहून पाणी भरावं लागणार होतं. आज भरू दिलं, उद्या गेट लावलं, तर कुणाला विचारायचं? आमच्या सुनेलाही तेवढंच चालावं लागणार होतं, पण आमच्याकडं बोअर घ्यायची ऐपत होती. त्यांच्याकडं नव्हती.

त्या दिवशी अक्का आली, सभागृहात सगळीकडं बघितलं, आणि स्टूल उचलून नेमकं माझ्या आणि खिडकीच्या मधे आणून ठेवलं. खिडकीकडं तोंड, माझ्याकडं पाठ. अध्यक्ष म्हणाले, अक्का, इकडं तोंड करा. तिनं मान वळवली नाही. "बोला की तुमी, पाकीटवाले. कान इकडंच हायेत." आणि ती खिडकीतल्या माणसांकडं एकटक बघत राहिली. गज धरून उभे असलेले सगळे एकेक करत दुसरीकडं बघायला लागले.

ठराव वाचून झाला. बाजूनं असतील त्यांनी हात वर करा, म्हणाले. मी डावीकडं झुकले, तर ती पाठ डावीकडं झुकली. मी उजवीकडून बघायला गेले, तर पाठ उजवीकडं. टोपी डोक्यावर आहे का हातात आहे, मला कळेना. माझ्या मागच्या दोघी माझ्या हाताकडं बघत बसल्या, आणि माझा हात कुठं जायचा ते मलाच माहीत नव्हतं. अर्ध्या बाया अशाच मान ताणून खिडकी शोधायला लागल्या होत्या. साहेबांनी हात मोजले, परत मोजले. ठराव व्हायला दोन हात कमी पडले. अध्यक्षांचं तोंड उतरलं. विरोधात कोण ते विचारायच्या आतच त्यांनी विषय आवरला, म्हणाले, बायांला विषय नीट समजला न्हाई, पुढच्या बैठकीत परत घेऊ.

बाहेर आल्यावर भाऊजी मोटारसायकलला किक मारत होते, ती लागत नव्हती. मला म्हणाले, टोपी दिसली न्हाई का? मी म्हटलं, न्हाई दिसली. ते खोटं नव्हतं. घरी आल्यावर ते आवाज चढवून बोलले नाहीत, आणि तेच वाईट होतं. जेवता जेवता ताटाकडं बघून एवढंच म्हणाले, "वैनी, हात तुमचा असंल. पण सीट घरची हाय." मालक उठून हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून अक्काच्या दारातली रांग गेली.

कुणी दवंडी पिटली नाही. तसलं काही लिहून ठेवत नसतात आणि ओरडून सांगतही नसतात. पारावर कुणीतरी म्हणतं, बसस्टँडला नवी गिरणी लागलीय, पीठ लय मऊ येतं म्हणे. ऐकणारा समजतो. बसस्टँडची गिरणी अध्यक्षांच्या भाच्याची. आमच्या गल्लीतला एक डबा तिकडं गेला, मग दुसरा, मग सगळेच. आमचा डबा भाऊजी स्वतः मोटारसायकलवर बांधून न्यायला लागले. जन्मात ज्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही ते दळण आणायला लागले. पीठ मऊ बिऊ काही नव्हतं. गरम यायचं, भाकर तव्यावर तडकायची. पण आमच्या घरात कुणी तसं म्हणायचं नाही. तडकलेली भाकर सगळे गुमान खायचे.

भीमनगरचे डबे अक्काकडं येत होते. पण ती हातावर पोट असलेली माणसं, थोडं थोडं दळणारी. गिरणी चालायची ती आमच्या शेतकरी गल्ल्यांवर. लाईट आली की पूर्वी तिचा पट्टा दिवसभर फिरायचा, आता सकाळी थोडा वेळ फिरला की गप. त्या गप गिरणीपुढं अक्का स्टूल टाकून बसायची, रस्त्याकडं तोंड करून, पदर खोचलेला, जसं काही आत्ता कुणीतरी येणार. तिचे कारभारी रांगेची जागा झाडून ठेवायचे. रोज. मी ओसरीवरून बघायची आणि आत जायची.

अध्यक्ष तिच्याकडं जाऊन आले, असं कळलं. हात वर करा, पहिला गाळा तुमचा, आत नवी गिरणी बसवून देऊ, असं बोलले. अक्कानं त्यांना विचारलं, गाळ्यात गिरणी बसंल, पण टाकी बसंल का? ते निघून आले. मग परभणीकडून एक माणूस येऊन गिरणीची मोटार बघून गेला. विकायची चाललीय, असं लोक म्हणायला लागले. अक्काची लेक राणीसावरगावला दिलेली. ती येऊन आईला म्हणाली होती म्हणे, माझ्याकडं चल, सोड हे सगळं. अक्का तिला म्हणाली, गेल्यावर रस्त्याकडं कोन बघत बसंल?

टाकीवरही गोष्टी बिघडल्या. आमच्या बाया आणि भीमनगरच्या बाया एकमेकींच्या घागरींकडं बघेनाशा झाल्या. आमच्या सुनेला कुणीतरी बोललं, भरून घ्या माय, बोअर घ्यायलाव म्हणं तुमी. ती घरी येऊन रडली. मला म्हणाली, आत्याबाई, आपन काय केलंय त्यांचं? मी काय सांगणार? आपण अजून काहीच केलं नव्हतं. करायचं पुढच्या बैठकीत होतं.

बैठकीचा दिवस उजाडला. भाऊजी सकाळीच नगरपंचायतीत गेले होते. जाताना दारात थांबून त्यांनी टोपी नीट केली, माझ्याकडं बघितलं, आणि गेले. घरात बघितलं तर पीठ संपलेलं. सून म्हणाली, शेजारच्याला सांगून डबा बसस्टँडला धाडते. मी पोत्यातून शाळू काढला, निवडला, डब्यात भरला. म्हटलं, मी नेते. ती म्हणाली, तुमी कुठं जाता उन्हाचं तेवढ्या लांब? मी म्हटलं, लांब न्हाई.

डबा कमरेवर घेऊन मी आमच्या ओसरीवरून उतरले. किती पावलं असतील ती? पण एकेका दारातून माणसं बघत होती. पारावरचं बोलणं थांबलं. एकानं हाक मारली, वैनी, रस्ता चुकलाव का? मी ऐकलं नाही असं केलं. डबा कमरेवरून घसरायला लागला, तो वर ओढून घेतला. गिरणी गाठली तेव्हा लाईट नव्हती. अक्का स्टुलावर. मला बघून उठली नाही.

मी दाराकडं वळले, म्हटलं, आत ठेवते अक्का. लाईट आल्यावर दळून ठेवा.

अक्का म्हणाली, "आत न्हाई. भाईर. रांगेत लावा."

मी इकडंतिकडं बघितलं. झाडलेली मोकळी जमीन होती नुसती. मी हळूच म्हटलं, पुढं कुनीच न्हाई की, अक्का.

"मागं लागंल कुनीतरी," ती म्हणाली, आणि तिचा तो आवाज, सगळ्या पारापर्यंत गेला.

डबा आत ठेवला असता तर कुणाच्या नजरेत फार वेळ राहिला नसता. बाहेर ठेवला म्हणजे दिवसभर सगळ्या गावाला दिसणार, आणि आमच्या डब्याचा खड्डा तर पोराबाळांनाही ठाऊक. मनात आलं, उचलावा आणि परत न्यावा. अक्का माझ्याकडं बघत नव्हती. रस्त्याकडं बघत होती. मी डबा रांगेच्या पहिल्या जागेवर ठेवला, खड्ड्याची बाजू रस्त्याकडं आली तशीच राहू दिली. मग तिनं स्टूल उचलून डोक्यावर घेतलं, कारभाऱ्यांना म्हणाली, लाईट आली की बघा. आणि आम्ही दोघी नगरपंचायतीकडं निघालो. वाटेत तिनं शाळू यंदा कसा झाला, एवढंच विचारलं.

खिडकी भरलेली होती. भाऊजी मधोमध. त्यांना डब्याचं कळलं होतं, ते तोंडावरूनच दिसत होतं. मी माझ्या खुर्चीवर बसले आणि वाट बघितली की आता अक्का येऊन मधे बसेल. मनातून मला ते हवंही होतं. पाठ मधे आली की आपल्यावर काही नाही. दिसलं नाही म्हणायचं, सुटलो.

अक्का माझ्या मागोमाग आत आली, स्टूल घेऊन सरळ मागच्या कोपऱ्यात गेली. तिथून म्हणाली, "शाळूवैनी, आज खिडकी नीट दिसती न्हवं?"

मी म्हटलं, "दिसती."

"मंग झालं," ती म्हणाली.

ठराव वाचला. हात वर करा, म्हणाले. भाऊजींनी टोपी काढली. मी त्यांच्याकडं बघितलं, ते माझ्याकडं. मधे गज सोडले तर काही नव्हतं. त्यांनी टोपी घातली आणि परत काढली, जरा उंच धरून, जसं काही मला कमी दिसतं. त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटलेला मला एवढ्या लांबून दिसला. ह्याच माणसानं माझ्या पोराच्या आजारपणात रात्रंदिवस धावपळ केली होती, हेही मला तेव्हाच आठवायचं होतं. माझे हात मांडीवर होते. मी ते एकात एक धरून ठेवले. मागच्या दोघींनी काय केलं ते बघायला मी वळले नाही. वळले असते तर त्यांना वाटलं असतं, मी काहीतरी खूण करायलेय.

साहेब मोजत होते. फार वेळ लागला त्यांना. मग त्यांनी अध्यक्षांच्या कानाला लागून सांगितलं, आणि अध्यक्षांनी पुढचा विषय घ्या म्हटलं. ठराव पडला, हे असं कळलं. आनंद बिनंद काही झाला नाही मला. घरी काय वाढून ठेवलंय, तेच डोक्यात होतं. बैठक सुटली तेव्हा भाऊजींची मोटारसायकल पहिल्या किकेत लागली आणि ते माझ्या अंगावरून धूळ उडवत गेले. पुढं कितीतरी महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. जाऊबाईंनी चूल वेगळी मांडली ती आजही वेगळीच आहे.

आम्ही दोघी चालत परत आलो. ऊन उतरलं होतं. अक्काच्या डोक्यावर स्टूल, तिची ती रुंद पाठ माझ्या पुढं. मला वाटत होतं की तिनं काहीतरी बोलावं. बरं केलं म्हणावं, निदान माझ्याकडं वळून बघावं. ती आपली चालत होती.

वळणावर आलो तेव्हा पट्ट्याचा आवाज ऐकू आला. लाईट आली होती. आमचा डबा दळून तयार, रांगेच्या तोंडाशी होता तिथंच ठेवलेला. मी हात लावला तर अजून गरम. आणि त्याच्या मागं साडीचा काठ बांधलेला एक डबा, त्याच्यामागं बिनकानाचा, मग आणखी एक, कुणाचा ते मला नीट ओळखू आलं नाही. माणूस त्यांच्याजवळ एकही नव्हतं. डबे ठेवून सगळ्या घरी पळाल्या होत्या.

मी तशीच उभी राहिले. अक्कानं स्टूल खाली ठेवलं, पदर खोचला आणि माझ्यावर ओरडली.

"डबा हलवा की तुमचा, शाळूवैनी. मागचे खोळंबलेत."